ल्युकेमियाची ट्रीटमेंट झाली, आता पोराची हाडं कशी सांभाळायची

आमच्याकडे हे सगळं गुडघ्यापासून सुरू झालं. लेकाला ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कॅन्सर झालेला, त्याचं मेंटेनन्स, म्हणजे ट्रीटमेंटचा शेवटचा लांबलचक टप्पा, अर्ध्यावर आलेलं, डोक्यावर केस परत आलेले, शाळेत जायला लागलेला, आणि एक दिवस म्हणाला आई गुडघा दुखतोय. सासूबाईंनी तिळाचं तेल कोमट केलं, मी म्हटलं खेळला असेल, आणि दोन आठवडे आम्ही रोज रात्री तो गुडघा चोळत बसलो. जवळच्या एका दवाखान्यात एक्सरे काढला, गुडघा एकदम नॉर्मल, वाढीच्या वयात दुखतं असं सांगून घरी पाठवलं. मग एका रविवारी पाटावर जेवायला बसताना त्याला डाव्या पायाची मांडीच घालता येईना, पाय लांब करून वाकडातिकडा बसला, तेव्हा मी घाबरून मुंबईला कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी गुडघ्याचं काही विचारलंच नाही, म्हणाले खुब्याचा एमआरआय करून या. दुखणं गुडघ्यात नव्हतंच. खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा कमी झाला होता आणि दुखायचं मात्र गुडघ्यात.

नशीब की गोळा खचून चपटा झालेला नव्हता. काही महिने कुबड्या, मग फिजिओ, आता सोळा वर्षांचा आहे आणि सायकलने क्लासला जातो. पण तेव्हा मला जे माहीत नव्हतं ते सगळं इथे लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही, गोळी आणि डोस तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, मी सांगतेय ते घरात काय बघायचं, काय करायचं, आणि कुठे हात आवरायचा ते. हे मुख्यतः एएलएल, म्हणजे ल्युकेमियाचा एक प्रकार, झालेल्या मुलांसाठी आहे कारण लहान मुलांमधला ल्युकेमिया बहुतेक वेळा तोच असतो.

आधी हाडांना नक्की होतं काय ते

आपण सगळे म्हणतो केमोने हाडं झिजली, पण खरा मोठा वाटा स्टेरॉइडचा असतो, म्हणजे प्रेडनिसोलोन आणि डेक्सामेथासोन. इंडक्शनमध्ये, म्हणजे ट्रीटमेंटच्या पहिल्या टप्प्यात, रोज रोज ज्या गोळ्या देतो, ज्याने पोरगं रात्री अडीचला उठून वरणभात मागतं, त्याच. हाड म्हणजे सिमेंटचा खांब नाही, तिथे एकीकडे जुनं खरवडणं आणि दुसरीकडे नवीन भरणं सतत चालू असतं. स्टेरॉइडमुळे भरणारे गवंडी बसतात आणि खरवडणारे मात्र कामावर राहतात. वर आतड्यातून कॅल्शियम कमी शोषलं जातं आणि लघवीतून जास्त जातं. त्यात मेथोट्रेक्सेट हे केमोचं औषधही नवीन हाड बनण्याच्या आड येतं, व्हिन्क्रिस्टिन या केमोच्या इंजेक्शनने पायाच्या नसा ढिल्या पडतात म्हणून पोरं धडपडतात, आणि महिनोन् महिने बेडवर पडून राहिल्याने स्नायू जातात ते वेगळंच. ज्यांना डोक्याला रेडिएशन मिळालंय त्यांच्यात वाढीचं हार्मोन कमी पडू शकतं, वयात येणं लवकर किंवा उशिरा होऊ शकतं, आणि त्याचा हाडांवर परिणाम होतो.

आणि एक गोष्ट मला खूप उशिरा कळली, की हाडांचं नुकसान ट्रीटमेंटच्या आधीच सुरू झालेलं असू शकतं, खुद्द आजारामुळे. कॅनडात एएलएलच्या १८६ मुलांचे निदानाच्या वेळीच मणके तपासले, तो अभ्यास २००९ मध्ये छापून आला, तर २९ मुलांचा किमान एक मणका दबलेला निघाला. म्हणजे साधारण सहातलं एक. म्हणून ज्या आईबापांना वाटतं की आपण स्टेरॉइड दिलं आणि आपल्यामुळे झालं, त्यांनी तो विचार सोडा. स्टेरॉइड नसतं तर पोरगं नसतं, एवढं साधं आहे ते.

चांगली बातमी पण सांगते, लहान मुलांचं हाड भरून येतं. मोठ्या माणसाचा दबलेला मणका तसाच राहतो, पण वाढत्या मुलाचा मणका पुन्हा आकार घेऊ शकतो, आणि फ्रॅक्चरचा सगळ्यात जास्त धोका निदानापासून पहिल्या वर्षात असतो, नंतर तो उतरत जातो. ट्रीटमेंट थांबल्यावर काही वर्षांत बऱ्याच मुलांची हाडं सावरतात. जी मुलं वयाने मोठी असताना आजारी पडली त्यांना वाढीची वर्षं कमी उरलेली असतात, म्हणून त्यांच्याकडे जास्त लक्ष द्यायचं.

दुखलं की आधी काय करायचं

चोळायचं नाही. हे मी सगळ्यात आधी लिहितेय कारण आपल्या घरात प्रत्येक दुखण्यावर तेल आहे, आणि प्रत्येक गावात एक हाड बसवणारा आहे. ज्याचं हाड आधीच पातळ आहे त्याच्या पाठीवर गुडघा ठेवून कोणी कडकड वाजवलं तर काय होईल याचा विचार करा. प्रेमाने हलका हात फिरवा, त्याला काही हरकत नाही, पण चोळणं, रगडणं, ओढणं, मान आणि पाठ मोडून देणं, अजिबात नाही.

पाठ दुखत असेल तर विचारा की कुठे, बोट ठेवून दाखव. मधोमध मणक्यावर बोट ठेवत असेल, खोकताना किंवा वाकताना कळ येत असेल, तर डॉक्टरांना कळवा आणि मणक्यांचा बाजूने घेतलेला एक्सरे लागेल का ते विचारा. मजा म्हणजे मणका दबला तरी बऱ्याच मुलांना काहीच दुखत नाही. म्हणून उंची मोजा. दरवाज्याच्या मागे पेन्सिलने खूण, दर तीन महिन्यांनी, सकाळी उठल्यावर, कारण संध्याकाळपर्यंत आपण सगळेच थोडे कमी होतो. पोराची उंची वाढायची थांबली किंवा कमी भरली, पाठ पुढे वाकायला लागली, तर ते नुसतं डोळ्याने लक्षात येत नाही, खुणेवरून येतं. आमच्या दरवाज्यामागे आता पाच वर्षांच्या रेघा आहेत, घरमालकाने घर रंगवताना विचारलं पुसू का, मी म्हटलं तेवढं दार सोडा.

जांघेत, मांडीत किंवा गुडघ्यात दुखत असेल आणि मूल दहा वर्षांच्या पुढचं असेल तर डोक्यात एकच शब्द यायला पाहिजे, एव्हीएन. डॉक्टर ऑस्टिओनेक्रोसिस पण म्हणतात. म्हणजे हाडाच्या टोकाचा रक्तपुरवठा तुटतो आणि तेवढा भाग मरायला लागतो. खुबा आणि गुडघा जास्त, कधी घोटा, कधी खांदा. वयाचा फरक किती आहे बघा, अमेरिकेतल्या एका मोठ्या ट्रायलचे आकडे २००० साली आले, त्यात दहाच्या पुढच्या मुलांमध्ये १४ टक्क्यांना हे झालं आणि दहाच्या आतल्यांमध्ये एक टक्क्यालाही नाही. वाढीच्या झपाट्यात असलेलं हाड आणि स्टेरॉइड एकत्र आले की हा त्रास जास्त होतो. त्यानंतर मोठ्या मुलांना डेक्सामेथासोन सलग न देता एक आठवडा सोडून द्यायची पद्धत आली आणि त्याने प्रमाण कमी झालं. तरी संपलेलं नाही.

एव्हीएनमध्ये फसवणारी गोष्ट म्हणजे सुरुवातीला एक्सरे स्वच्छ असतो, एमआरआयवर दिसतं. आणि खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं, हे आमच्या बाबतीत झालंच. आपल्याकडे घरबसल्या ओळखायच्या खुणा चांगल्या आहेत कारण आपण जमिनीवर बसणारी माणसं. मांडी घालता येते का, दोन्ही बाजूंना सारखी? उकिडवं बसता येतं का? देशी संडासात बसायला टाळाटाळ करतोय का, बसल्यावर उठायला नळ पकडतो का? मोजे घालताना एकच पाय वर आणायला त्रास होतो का? जिना उतरताना लंगडतो का? यातलं काहीही नवीन दिसलं तर पुढच्या फॉलोअपची वाट बघू नका, आणि तोपर्यंत उड्या, धावणं, जड उचलणं बंद ठेवा.

आता एक न आवडणारी गोष्ट. हाड दुखणं हे कधीकधी आजार परत आल्याचंही लक्षण असतं. बहुतेक वेळा नसतं, पण रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, सोबत ताप, अंगावर निळे डाग, चेहरा पांढरा पडणं, गाठी, असं काही असेल तर त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी, करून डॉक्टरांना दाखवा. मी तीन वेळा असं धावत गेलेय आणि तिन्ही वेळा काही नव्हतं, डॉक्टर हसले नाहीत, तुमचेही हसणार नाहीत.

दुखण्याची गोळी पण विचारूनच. मेडिकलवाला पटकन ब्रुफेन काढून देतो, पण मेथोट्रेक्सेट चालू असेल तर ब्रुफेनसारख्या गोळ्यांनी ते शरीरात साठू शकतं, किडनीलाही त्रास. पॅरासिटामॉल बरी असते पण मेंटेनन्स चालू असताना ती ताप झाकते, म्हणून आधी थर्मामीटर मग गोळी, आणि फोन मात्र आधीच.

खायला काय द्यायचं

इथे सगळ्यात जास्त सल्ले मिळतात आणि सगळ्यात जास्त पैसे जातात. पावडरचे डबे, प्रोटीन बिस्किटं, कुणी सांगतं हाडजोड, कुणी प्रवाळ भस्म, कुणी शिलाजीत. ट्रीटमेंट चालू असताना भस्मं आणि काढे देऊ नका, लिव्हर आधीच सिक्स एमपी (केमोची रोजची गोळी) आणि मेथोट्रेक्सेटने दमलेलं असतं, आणि पुडीत काय आहे हे कुणालाच माहीत नसतं, काही भस्मांमध्ये शिसं पारा सापडलेला आहे. ट्रीटमेंट संपल्यावरही डॉक्टरांना पुडी दाखवल्याशिवाय नको.

किती कॅल्शियम लागतं? आयसीएमआर आणि हैदराबादच्या एनआयएनने २०२० मध्ये दिलेल्या आकड्यांप्रमाणे चार ते सहा वर्षांच्या मुलाला रोज ५५० मिलिग्रॅम, सात ते नऊला ६५०, दहा ते बाराला ८५०, आणि तेरा ते पंधराला १०००. आता हे स्वयंपाकघरात आणू. दूध शंभर मिलिलिटरला साधारण १२० मिलिग्रॅम, गायीचं म्हशीचं त्यात फार फरक नाही, साय काढली तरी कॅल्शियम जात नाही त्यामुळे स्टेरॉइडने वजन वाढलेल्या पोराला बिनसायीचं दिलं तरी चालतं. नाचणी शंभर ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास, म्हणजे ५० ग्रॅम पिठाच्या भाकरीत पावणेदोनशे. तीळ तर शंभर ग्रॅमला हजाराच्या वर, पण शंभर ग्रॅम तीळ कोण खाणार, दहा ग्रॅमची चटणी म्हणजे सव्वाशे दीडशे धरा.

बारा वर्षांच्या मुलाचा हिशोब लावला तर दोन वेळचं मिळून ३०० मिलिलिटर दूध, एक मोठी वाटी घरचं दही, एक नाचणीची भाकरी आणि चमचाभर तिळाची चटणी, झाले ८५० च्या आसपास. आणि यात एकही महागडा डबा नाही. शेवग्याच्या पाल्याची भाजी उत्तम, राजगिऱ्याचे लाडू, राजगिऱ्याची पालेभाजी, कुळथाचं पिठलं, पनीर. मासे खाणाऱ्यांकडे तर सोपंच, मांदेली किंवा सुकट काट्यासकट खाल्ली जाते आणि काट्यातच कॅल्शियम असतं, फक्त सुकट आणि खारवलेले मासे ट्रीटमेंट संपल्यावर, आणि मीठ धुऊन. मीठ जास्त खाल्लं की लघवीतून कॅल्शियम जास्त जातं, हे वेफर्स आणि कुरकुऱ्यांनाही लागू आहे. स्टेरॉइडच्या दिवसांत पोराला खारट चटकमटक खायची लागलेली सवय नंतर सुटत नाही, आमच्याकडे अजून फरसाणाचा डबा वरच्या फळीवर असतो.

पालकाबद्दल मात्र गैरसमज आहे. पालकात कॅल्शियम असतं पण ऑक्झॅलेट त्याला बांधून ठेवतं, अंगी फारसं लागत नाही. पालक लोहासाठी, चवीसाठी खा, हाडांसाठी त्याच्यावर विसंबू नका. नाचणी आणि तिळातलं कॅल्शियमही दुधाइतकं सहज शोषलं जात नाही, म्हणून नाचणी मोड आणून किंवा आंबवून घेतलेली बरी, आंबील ही आपल्या आज्यांची हुशारीच म्हणायची. रक्तातल्या पेशींचे काउंट कमी असताना आंबवलेलं, मोडाचं किंवा बाहेरचं ताक द्यायचं का हे विचारून घ्या, आमच्याकडे त्या काळात बंदच होतं, दूधही दोनदा उकळायचं.

कॅल्शियमबरोबर डाळ, अंडं, कडधान्य रोज पाहिजे, कारण हाडाचा सांगाडा प्रोटीनचा असतो, कॅल्शियम त्यात भरलं जातं. हे कुणी सांगत नाही, सगळे दुधाच्या मागे लागतात.

दूध आणि औषधं यांचं जरा वेळापत्रक लागतं. सिक्स एमपी दुधाबरोबर देऊ नका असं पूर्वीपासून सांगतात, आता काही डॉक्टर एवढं कडक धरत नाहीत, तुमचे काय म्हणतात तसं करा आणि रोज एकाच पद्धतीने करा. सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक चालू असेल तर ती गोळी आणि दूध दही किंवा कॅल्शियमची गोळी एकत्र अजिबात नको, औषध आतड्यातच अडकतं. थायरॉइडच्या गोळीलाही तेच, चार तासांचं अंतर.

गोळ्या आणि ते ६० हजारचं पाकीट

मला वाटायचं जितकं कॅल्शियम तितकं हाड पक्कं. तसं नाहीये. अमेरिकेतल्या मेंफिसचं सेंट ज्यूड हॉस्पिटल मुलांच्या ल्युकेमियासाठी जगात प्रसिद्ध आहे, त्यांनी ट्रीटमेंट संपलेल्या मुलांचे दोन गट केले, एकाला आहाराचा सल्ला अधिक कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डीच्या गोळ्या, दुसऱ्याला आहाराचा सल्ला अधिक खोट्या गोळ्या. २०१४ मध्ये निकाल छापून आला, दोन वर्षांनी हाडांच्या घनतेत दोन्ही गटांत फरक नाही. म्हणजे ज्याचं खाणं नीट आहे त्याला वरून गोळी दिल्याने जादू होत नाही. ज्याला दूध चालत नाही, खाणं पुरत नाही, रिपोर्टमध्ये कमतरता आहे, त्याला गोळी लागते आणि ती द्यायची. कॅल्शियम कार्बोनेट असेल तर जेवणाबरोबर, आणि एका वेळी ५०० मिलिग्रॅमच्या वर नको, शोषलंच जात नाही.

व्हिटॅमिन डी वेगळं प्रकरण आहे. आपल्याकडे ऊन एवढं तरी पोरांचं डी कमी निघतं, आणि कॅन्सरची मुलं तर महिनोन् महिने घरात, मास्क, टोपी, खिडक्या बंद. म्हणून ब्लड टेस्ट करून घ्या, २० च्या खाली आलं तर बहुतेक डॉक्टर डोस देतात. तो डोस बऱ्याचदा ६०,००० युनिटच्या पाकिटात असतो, आठवड्याला एक, ठरावीक आठवडे. आठवड्याला! मी एका आईला ओळखते तिने ते रोज दिलं, कारण चिठ्ठीवरचं अक्षर लागलं नाही आणि मेडिकलवाल्याने चार पाकिटं दिली ती चार दिवसांची समजून, नशिबाने चारच होती. डी जास्त झालं की रक्तात कॅल्शियम चढतं, मूल ओकतं, सारखी तहान लागते, बद्धकोष्ठता होते, किडनी बिघडू शकते. कॅलेंडरवर रविवारला गोल करा, पाकीट दिलं की टिक, आणि कोर्स संपला की संपला, स्वतःहून रिपीट करू नका. वर्षभर नेहमीची गरज म्हणाल तर ती ६०० युनिट रोजची आहे, त्यावरून ६० हजार म्हणजे काय ते कळेल.

उन्हाबद्दल सगळे कोवळं ऊन म्हणतात. सकाळी साडेसहाच्या उन्हात बरं वाटतं, पण डी बनवणारे किरण तेव्हा जवळजवळ नसतातच. सोपी खूण म्हणजे आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असली पाहिजे, तेव्हाच डी बनतं. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊनही उपयोगाचं नाही. पण मेथोट्रेक्सेट आणि सिक्स एमपी चालू असताना कातडी लवकर भाजते, म्हणून त्या काळात ऊन जपून, हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ, आणि मे महिन्यातल्या बाराच्या उन्हात उभं करायचं नाही.

पोराला सोफ्यावर ठेवू नका

माझं सगळ्यात ठाम मत इथे आहे. आपण ट्रीटमेंटच्या काळात इतके घाबरलेलो असतो की ती भीती नंतरही जात नाही. पळू नको, पडशील. उडी मारू नको. सायकल नको. मग हातात मोबाइल देतो, पोरगं बसतं, आपल्याला वाटतं सुरक्षित आहे. तर हाड हे भार पडला तरच जाड होतं. पोहणं छान आहे पण पाणी भार उचलतं, त्यामुळे हाडासाठी चालणं, धावणं, उड्या, जिने हेच खरं. वयात येताना उंची सगळ्यात झपाट्याने वाढते त्या दोनेक वर्षांत मोठेपणीच्या हाडाचा साधारण चौथा हिस्सा जमा होतो, आणि विशीपर्यंत जमेची बाजू बहुतेक संपते. ती वर्षं सोफ्यावर गेली तर नंतर किती दूध पाजणार.

सुरुवात मात्र पायरीपायरीने. इंडक्शन संपलं तेव्हा आमच्याला जमिनीवरून उठता यायचं नाही, स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकून चढत चढत उभा राहायचा, स्टेरॉइडने स्नायू गेलेले. तेव्हा व्यायाम काय तर खुर्चीवरून हात न लावता उठणं, पाच वेळा, सकाळ संध्याकाळ. मग चालणं, कॉलनीत एक चक्कर, दोन चक्कर. पाऊल ओढत चालतोय का बघा, चप्पल पायातून निसटते का, टाचांवर चालता येतं का. नाही आलं तर ती व्हिन्क्रिस्टिनची करामत असते, फिजिओ लागतो, कधी पायाला स्प्लिंट, आणि तोपर्यंत चप्पलऐवजी मागे पट्टा असलेली सँडल. पडण्यातूनच फ्रॅक्चर होतात म्हणून बाथरूममध्ये रबरी मॅट टाका आणि शेवाळ घासा, पावसाळ्यात अंगणातलं पण.

ट्रीटमेंट संपली, काउंट चांगले, औषधं द्यायला छातीत बसवलेला पोर्ट निघाला, दुखणं काही नाही आणि डॉक्टर हो म्हणाले की मग दोरीवरच्या उड्या, लंगडी, लगोरी, बॅडमिंटन, सूर्यनमस्कार, काय हवं ते. रोज तासभर हालचाल हे टार्गेट, एकदम नाही, वीस वीस मिनिटं तीनदा केली तरी चालतं. ज्याला एव्हीएन आहे किंवा मणका दबलाय त्याचं वेगळं, त्याला उड्या नाहीत, पुढे वाकून जड उचलणं नाही, त्याला सायकल आणि पोहणं आणि फिजिओने दिलेलं. आमचा दोन वर्षं कॅरम आणि सायकलवर होता, खो-खोची टीम बघून रडायचा, ते दिवस वाईट गेले.

शाळेला पत्र द्या. पीटीच्या सरांना लेखी पाहिजे असतं, काय चालेल आणि काय नाही दोन्ही लिहून घ्या डॉक्टरांकडून, नाहीतर सर घाबरून त्याला वर्षभर बाकावर बसवतात. दप्तर हलकं, पुस्तकांचा एक सेट शाळेतच ठेवता येतो का विचारा.

डेक्साचा रिपोर्ट हातात आला की

हाडांची घनता मोजायची तपासणी म्हणजे डेक्सा. दुखत नाही, सुई नाही, किरण अगदी थोडे. सगळ्यांना लागतेच असं नाही. अमेरिकन गाइडलाइन ट्रीटमेंट संपून दोनेक वर्षं झाली की एकदा करा म्हणते, काही ठिकाणी डोक्याला रेडिएशन झालेल्यांनाच करतात, तुमचे डॉक्टर ठरवतील. पण करायची तर लहान मुलांचा डेटा असलेल्या मशिनवर. कारण बऱ्याच सेंटरमध्ये रोज साठीच्या आज्या येतात, आणि मशीन तुमच्या पोराची तुलना तिशीच्या माणसाशी करून मोकळं होतं, त्याला टी-स्कोर म्हणतात, आणि मग रिपोर्टवर लाल अक्षरात ऑस्टिओपोरोसिस. आम्हाला असाच रिपोर्ट मिळाला होता एका सेंटरमधून, मी रिक्षात रडले. मुलांमध्ये झेड-स्कोर बघायचा, म्हणजे त्याच वयाच्या मुलांशी तुलना, आणि कंबरेचे मणके व डोकं सोडून सगळं शरीर हे दोन आकडे महत्त्वाचे. उणे दोन किंवा त्याच्या खाली असेल तर कमी. आणि मूल बुटकं असेल तर आकडा खोटाच कमी येतो, उंचीप्रमाणे सुधारून घ्यावा लागतो, हे नक्की विचारा.

आकडा कमी म्हणजे ऑस्टिओपोरोसिस असंही नाही. मुलांमध्ये तो शब्द वापरायला मार न लागता मणका दबलेला पाहिजे, नाहीतर कमी आकड्यासोबत हातापायाची लांब हाडं सहज मोडल्याचा इतिहास पाहिजे, दहा वर्षांच्या आत दोनदा किंवा एकोणिसाच्या आत तीनदा. त्यानंतरच झोलेड्रोनेट किंवा पॅमिड्रोनेट या हाडं झिजणं थांबवणाऱ्या औषधांच्या सलाइनचा विचार होतो, ते मुलांच्या हार्मोनच्या किंवा हाडांच्या डॉक्टरांचं काम, आधी डी भरून घेतात आणि दात तपासतात. शेजारणीच्या सासूला महिन्यातून एकदा घ्यायची हाडांची गोळी मिळते म्हणून ती पोराला द्यायची नाही, हे लिहायची वेळ यावी याचं वाईट वाटतं, पण मला तसं विचारणारी बाई भेटलीय.

फाइलमध्ये काय पाहिजे

पाच वर्षं झाली की फॉलोअप वर्षातून एकदा होतो, डॉक्टर बदलतात, आणि पोरगं अठराचं झालं की मोठ्यांच्या ओपीडीत जातं. तिथल्या हाडांच्या डॉक्टरला बघून कळणार नाही की या धडधाकट पोराला कधी ल्युकेमिया होता. मुंबईत टाटाला ट्रीटमेंट संपलेल्या मुलांसाठी एसीटी क्लिनिक आहे, १९९१ पासून चालू आहे, अशा ठिकाणी सगळं एका कागदावर लिहून देतात. तुमच्याकडे तसं क्लिनिक नसेल तर मागून घ्या, एकच पान: निदानाची तारीख, कुठला प्रोटोकॉल, कुठलं स्टेरॉइड आणि एकूण किती, मेथोट्रेक्सेट हाय डोस दिलं होतं का, डोक्याला रेडिएशन झालं असेल तर किती ग्रे (रेडिएशनचं माप), बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं का, फ्रॅक्चर किंवा एव्हीएन कधी आणि कुठल्या बाजूला, शेवटचं डी आणि डेक्सा. मुलींच्या पानावर पाळी कधी सुरू झाली ते, आणि तेरा वर्षांपर्यंत वयात यायची काहीच खूण नसेल तर वाट न बघता दाखवायचं, मुलांमध्ये चौदा.

ते पान लॅमिनेट करू नका, त्यावर पुढे लिहावं लागतं. फोटो काढून आईच्या, बाबाच्या आणि पोराच्या तिघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. गेल्या महिन्यात आमचा सायकलवरून पडला, मनगट सुजलं, मी पोहोचायच्या आत त्याने स्वतःच कॅज्युअल्टीच्या डॉक्टरांना फोटो दाखवला होता. नुसती मुरगळ होती. तीन आठवडे क्रेप बँडेज.